बाळंतिणीच्या खोलीतला एसी

एसीचा विषय निघालाच आहे, तर आमच्या घरचेच सांगतो. ताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि तिची उस्तवार करायला हुपरीहून आत्या. नेमका त्याच खोलीतला एसी गारवा देईना. बाळाला घामोळे उठले होते. ते रडे, म्हणून ताईला झोप नव्हती, आणि ताईला नव्हती म्हणून आम्हा कुणालाच नव्हती. एसीची जाळी मी खालूनच काढून पुन्हा पुन्हा धुतली होती. गॅस कमी झाला असावा, असा माझा अंदाज होता. खात्री मात्र नव्हती, म्हणून मेकॅनिकला बोलावले.

मेकॅनिकने बाहेरच्या युनिटला गेज लावले. "प्रेशर कमी दाखवतंय पावणं, पर गळती कुठंच न्हाय. आत बर्फ धरलाय. म्हणजे एसीला वारंच घावंना झालंय."

मी स्टुलावर चढलो. एसीच्या माथ्यावर, जिथून तो खोलीतली हवा ओढून घेतो नेमक्या तिथेच, दुपट्यांची जाड घडी व्यवस्थित अंथरलेली होती.

"ती मीच ठेवलीय," आत्या शांतपणे म्हणाली. "बाळंतिणीला वारं बाधतंय. वरनं झाकलं की कमी येतंय."

"अगं आत्या, मग खोली गार कशी होणार?"

"गार होऊ दे की. वारं तेवढं नको."

मेकॅनिकने हत्यारे पिशवीत भरायला घेतली. "मावशी, वाऱ्याबिगर गार करतंय त्याला फ्रीज म्हणत्यात."

खाटेवरून ताईने डोळे न उघडताच विचारले, "त्यात मी मावीन काय?"