मुकी सून आणि झांबिया

“सून लय गुणाची हाय गं, पण तोंड उघडत न्हाई. परदेशात जाऊन ही लोकांना देवाचं सांगती तरी कशी?” सासूबाई शेजारच्या ताराकाकूंना विचारत होत्या. मी आत चहा गाळतेय हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

“मग ह्या खेपेला हितंच ठेव की तिला,” काकू म्हणाल्या. “दाविद बोलका हाय, एकटा निभावून न्हील.”

आमच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. लग्नानंतर लगेच मी आणि दाविद मिशनरी म्हणून झांबियाला गेलो, आणि आता सुट्टीला इस्लामपूरला आलो होतो. आठवड्याभरात परत निघायचं होतं.

मी चहा बाहेर नेला, तोवर दाविदही येऊन बसला होता. सासूबाईंनी सरळ त्यालाच विचारलं, “काय रं, हिला ठिऊन घेऊ का हितं?”

दाविदनं आधी शास्त्रातला एक दाखला दिला. मग तो विवाहावर बोलला, त्यानंतर सेवेवर. काकूंचा चहा संपला, दाविदचा निवला. मला न्यायचं की ठेवायचं, एवढं मात्र त्यात कुठंच आलं नाही.

तो पाणी प्यायला थांबला, तेवढ्यात मी सासूबाईंना म्हणाले, “आत्या, तिकडं बायका ह्यांच्याबद्दल दारातूनच विचारतात, ‘पाळकसाहेब घरी नाहीत ना?’ नाहीत म्हटलं, की मगच आत येऊन बसतात आणि प्रार्थना कर म्हणतात. ह्यांना एकटं पाठवलं, तर त्या बायकांनी यायचं कुणाकडं?”