घाणेरीचं कुंपण

(डोंगरउतारावरचं गावाचं चराईचं रान, ज्याला सगळे ई-क्लास म्हणतात. आश्विनातली दुपार. घाणेरी खणणाऱ्या बाया भाकर खायला खाली विहिरीवर गेल्या आहेत. प्रतीक्षा आणि तिची आजेसासू सोजराबाई वर थांबल्या आहेत.)

प्रतीक्षा : परवा साप, काल साप, आजही साप. आजी, तुमचा हा साप आपल्या वावराचं कुंपण सोडून कुठं जातच नाही का?

सोजराबाई : हसू नको. इकडं वर खण ना तू. खाली आपल्या वावराकडं कायले जातं?

प्रतीक्षा : वरचं सगळं झालं. दोनदा झालं. तुम्हीच शिकवलं तसं, मातीखाली वीतभर खोल जाऊन गड्डा काढला, झाड उलटं करून ठेवलं. त्या जागी पवन्या गवताचं बी टाकलं. आता बघा, पवन्या बोटभर अन् त्याच्या चौफेर घाणेरीची रोपं. येतात कुठून, तेच कळत नाही. सुभद्राबाई कुदळ टाकून गेली आज. म्हणे, नातीच्या लग्नाले बोलव, येईन; या डोंगरावर मी आता काई येत नाई.

सोजराबाई : सुभद्रा पहिलेपासूनच कटकटी. तिची सासू बी तशीच होती.

प्रतीक्षा : ती एकटी नाही ना. उद्या पाच जणी आल्या तर खूप. आणि काम थांबलं की पंचायतीत ठराव तयारच आहे, डोंगर मुरमाला द्यायचा. मग गवतही नको अन् घाणेरीही नको. खड्डे.

सोजराबाई : मुरमाले? हा डोंगर?

प्रतीक्षा : मग? पंधरा वर्षांत इथं एक गाय चरली नाही. कोण कशाला राखेल?

सोजराबाई : तू पाह्यला नाई व, पोरी. दिवाळीच्या टायमाले पवन्या कमरेलोक उंच. वारा आला का सारा डोंगर इकडून तिकडं लोळे. दिवस बुडताना ढोरं उतरत, तं मी चुलीपाशी बसून घंटीवरून ओळखो, आपली कपिली कोणती अन् हिंमतरावाची बांडी कोणती.

प्रतीक्षा : हे तुम्ही रोज सांगता. साप सोडा, सांगा ना, ही रोपं कशी थांबवायची?

फकीर मोहम्मद : सलाम, वहिनी. पाणी हाय का घोटभर?

प्रतीक्षा : या चाचा, सावलीत बसा. बकऱ्या कुठं सोडल्या?

फकीर मोहम्मद : खाली डोहावर, नातू पाहून राह्यला. मी वर आलो, तुमचं काम कसं चालू हाय पाह्याले. तुमची चराईबंदी हाय ना, सरकार. आमी बंदीवाले लोक, डोंगर फिरून जातो.

प्रतीक्षा : हो ना, दोन वर्षं झाली तुम्हाला एवढा फेरा पडतो. गवत आलं की पहिला मान तुमच्या बकऱ्यांना.

फकीर मोहम्मद : दोन? वीस म्हण, पोरी.

सोजराबाई : फकीरभाऊ, पाणी पे अन् जाय तू.

प्रतीक्षा : वीस कसे?

फकीर मोहम्मद : पहिले सीधी वाट होती, डोंगरावरून डोहाले. तुमच्या वावराच्या वरून. बंद झाली.

प्रतीक्षा : कोणी बंद केली?

फकीर मोहम्मद : कोणी कायले करते? घाणेरी आली, वाट गेली. झाडाले का अक्कल असते?

सोजराबाई : खोटं नको बोलू. माह्या तोंडावर तं नकोच.

फकीर मोहम्मद : वहिनी, जाऊ द्या.

सोजराबाई : वीस साल जाऊच देलं. पोरी, बस खाली. ते पाकीटवालं बियाणं आलं, बीटी, तं तुह्या आजेसासऱ्यानं गावात सगळ्यात पहिले लावलं. बोंडं अशी फुटली का लोक पाह्याले येत. मंग त्याईले वाटलं, आणखी चार तासं, चार ओळी कपाशीच्या, लावल्या तं काय होते? डोंगर का कोणाच्या बापाचा हाय? वखर वर सरकवला. ई-क्लासात.

प्रतीक्षा : म्हणजे आपलं वावर… ती वरची चार तासं?

सोजराबाई : आपली नोहेत. मंग म्हणे, बकऱ्या शिरतील, महागाचं बियाणं हाय, कुंपण पाह्यजे. तारेचं परवडे ना. तं मी म्हटलं, माह्या माहेरी, जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याले एक झाड हाय. ढोर तोंड लावत नाई अन् फुलं अशी का पाहतच राहावं. पंचमीले गेली अन् कांड्या घेऊन आली. ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर. कंडक्टर म्हणे, बाई, लेकरू लय शांत हाय तुमचं.

प्रतीक्षा : घाणेरी तुम्ही आणली?

सोजराबाई : तव्हा या डोंगरावर एक झाड नव्हतं. पूस याले.

फकीर मोहम्मद : …एकबी नव्हतं.

सोजराबाई : दुसऱ्या साली वर दोन झाडं दिसली. मले आनंद झाला, का पाह्य, आपलं फूल वर गेलं! पाखरं फळं खातात अन् वर बिया टाकतात, हे मले कळलं तव्हा गवत गेलं होतं. मंग एकेकानं ढोरं विकली. लोक म्हणत, ट्रॅक्टर आला म्हणून ढोरं गेली, बीटी आली म्हणून गेली. मी बी तेच म्हणो.

प्रतीक्षा : दोन वर्षं, आजी! आमच्या हातांची सालं निघाली. तुम्ही या दगडावर बसून बघत होता, आणि त्या रोपांची आई आपल्याच बांधावर!

सोजराबाई : म्हणून साप सांगत होती.

प्रतीक्षा : का?

सोजराबाई : गेलेल्या माणसाले कोण पुसते? पण माह्या नातवाले, हरिओमले पुसतील. तुले पुसतील. गायरान साफ कराले निघाली अन् हिचंच वावर गायरानात. तुह्या मांगं एक बाई नसती राह्यली.

प्रतीक्षा : आता तरी कुठं राहणार आहे? चाचा, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही का नाही बोललात कधी?

फकीर मोहम्मद : तुहा आजेसासरा, उकंडराव, आला होता माह्या घरी, कुंपण लावलं त्याच हप्त्यात. माह्या बायकोनं, खुर्शीदानं चहा केला. तो म्हणे, फकीर, वाट अडली तुही, बुरा नको मानू. मी म्हटलं, नाई मानत. म्हटलं तं म्हटलं.

प्रतीक्षा : हरिओमला काय सांगू मी? चार तासांत कपाशी उभी आहे. आणि ते कुंपण गेलं की रानडुकरं आत.

फकीर मोहम्मद : वेचणी होऊ दे ना. कापूस घरी जाऊ दे, मंग काढा कुंपण. वीस साल थांबलो, महिनाभरानं काय होते?

सोजराबाई : फळं पाह्य. काळी होऊन राह्यली. महिन्यात बुलबुल आणखी सारा डोंगर पेरतील. हरिओमले मी सांगीन. मले काय मारते का? सुभद्राची कुदळ कुठी हाय?

प्रतीक्षा : आजी, गुडघ्यांमुळं तुम्हाला उठवत नाही.

सोजराबाई : मंग उठव मले. त्या बाया चढून राह्यल्या ना?

प्रतीक्षा : हो, आल्याच. सुभद्राबाईपण आहे. मी सांगू का त्यांना? तुम्ही नका…

सोजराबाई : नाई. तू बाजूला उभी राह्य, तोंडातून शब्द काढू नको. कांड्या माह्या मांडीवर आल्या, मीच सांगीन. सुभद्रा काय बोलन ते बोलू दे. आज तिचा हक्क हाय.

प्रतीक्षा : हात द्या. हळू. चाचा, तो बाजूचा दगड जरा सरकवा.

सोजराबाई : फकीरभाऊ, पहिला घाव वाटेवर पडला पाह्यजे. कुठून होती रे वाट? मले तं आता काईच ओळखू नाई येत. तुह्या बकऱ्यांले मालूम असन.

फकीर मोहम्मद : त्याईच्या आजीनं बी नाई पाह्यली, वहिनी. त्या पळसाच्या खालून होती. मी रोज तथी येऊन थांबतो, मंग वळतो.