अर्धी पात

(लढाईच्या सालातला पावसाळा. हट्टा, कपाशीचं रान, दिवस कलताना. मालक व्यंकटराव, खुरपणाऱ्या बायांची म्होरकी मंजुळाबाई आणि मजुरीची जवारी मापून घालणारा गडी संतराम.)

व्यंकटराव: अन् खुरपायची पात मधीच काहून सोडली? वरचं अर्धं रान गवतातच हाये.

मंजुळाबाई: अर्धीच धरली होती, मालक.

व्यंकटराव: अर्धी पात कवा असती?

मंजुळाबाई: सकाळी तुमीच मोजलं. दहा बाया, म्हंजे पाच गडी. पाच गड्यांचं काम झालं, बघून घ्या.

व्यंकटराव: ती बोलायची रीत हाये. बाई म्हंजे अर्धा गडी, सगळा गाव म्हणतो.

मंजुळाबाई: म्हणू द्या. गड्याला दोन शेर जवारी, आमाला एक. एका शेराचं खुरपलं.

व्यंकटराव: गड्याला घर चालवायचं असतं.

मंजुळाबाई: माझा गडी तीन साल झाले, हैदराबादेला गेला तो गेला. माझी लेकरं अर्धी भाकर मागत न्हाईत.

व्यंकटराव: उद्या दुसऱ्या बाया आणीन.

मंजुळाबाई: आणा की. त्याबी अर्ध्याच असतील.

व्यंकटराव: संतराम, समजाव हिला. आभाळ भरून राहिलं. हप्ताभर पाणी लागलं तर?

संतराम: गवत कपाशीच्या वर जाईल. बोंडं धरायची न्हाईत.

मंजुळाबाई: शेरभर जवारी वाचवली, मालक. आता बोंडं मोजा.

व्यंकटराव: लई झालं. संतराम, एकेक शेर घाल अन् वाटंला लाव ह्यांना.

संतराम: न्हाई, मालक.

व्यंकटराव: काय न्हाई?

संतराम: आठ साल मी भिकाला एक शेर घातला. माझी बायको. तवा मीबी खुरपायचो; ती माझ्या बाजूची पात धरून म्होरं निघायची, अन् मागं बघून हसायची मला. सांजच्याला मी दोन घ्यायचो, तिला एक.

व्यंकटराव: गेलेल्या माणसाचं आता काहून काढून राहिला?

मंजुळाबाई: ती काई म्हणायची न्हाई, दादा?

संतराम: न्हाई. पदर धरताना माझ्या हाताकडं बघायची. मी खाली बघायचो.

व्यंकटराव: ...बरं. उद्या दोन शेर. पण गावात बोलू नका.

मंजुळाबाई: दहाजणी हाव, मालक. दहा घरी कळलंच समजा.

व्यंकटराव: घाल रे माप.

मंजुळाबाई: आज एकच घाल, दादा. पात अर्धी, माप अर्धं. उद्या बराबर.

संतराम: धर पदर. उद्या मी खाली बघणार न्हाई.