ठकीचा मनोरा

आत्या : हलतोय. तू म्हणाली होतीस हलणार नाही, आणि हा बघ, नुसतं बोट लावलं तरी हलतोय.

भाची : आत्या, अजून भिंतीला लावलाच नाहीये. नुसता उभा केलाय. खांबांचे स्क्रू आवळू दे, मग वरून पट्टी मारून भिंतीला जखडायचा. मग तू स्वतः लोंबकळलीस तरी हलायचा नाही.

आत्या : मी कशाला लोंबकळू? आणि ज्या मांजरीला दिसत नाही, तिनं तरी कशाला?

शेजारी : मी तेच म्हणतो. माझं ड्रिल वापरायला ना नाही, भोकंही पाडून देतो. पण दोन्ही डोळे गेलेल्या बाईसाठी छताला टेकेल एवढा मनोरा...

भाची : काका, बाई नाही. मांजर.

शेजारी : तुझ्या आत्याच्या घरात ती बाईच आहे. आमची भिंत एक. रोज सकाळी ऐकतो, 'ठकूबाई, चार घास खाऊन घ्या.'

आत्या : डॉक्टर, तुम्ही तरी हिला समजवा. तुमचं ऐकेल.

शेजारी : ताई, मी दातांचा डॉक्टर होतो. लोकांनी माझ्यासमोर तोंड उघडलं ते ऐकायचं म्हणून नाही. समजवायची सवयच नाही मला.

भाची : मांजरांच्या डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं, ते आधी काकांना सांग.

आत्या : सांगितलं काय, रक्तदाब वाढला आणि डोळ्यांतले पडदे सुटले. गोळीनं दाब ताब्यात आलाय, नजर मात्र परत यायची नाही. बाकी तब्येत ठणठणीत.

भाची : आणि पुढचं?

आत्या : पुढचं काय?

भाची : तिला तिची कामं करू द्या, असं म्हणाल्या त्या. चढू द्या म्हणाल्या. घरातल्या वस्तू जागच्या हलवू नका आणि सारखं उचलून घेऊ नका. हे तू कुणालाच सांगत नाहीस.

आत्या : त्यांना काय जातंय सांगायला. ती कपाटावरून पडली तेव्हा त्या नव्हत्या इथे. मी होते. आयुष्यभर त्या कपाटावर एका उडीत जायची. त्या दिवशीही गेली, आणि उतरायला म्हणून निघाली ती सरळ हवेत. धप्पकन आवाज आला. मी धावत आले तर ही जमिनीवर बसलेली, डोळे टक्क उघडे, आणि मी समोर असून ही भलतीकडेच बघतेय.

शेजारी : त्याच दिवशी मला हाक मारली होती तुम्ही.

आत्या : त्याच दिवशी. तेव्हापासून कपाटावर खोकी रचली, फ्रिजवर खोकी रचली. चढायला जागाच ठेवली नाही.

भाची : आणि तेव्हापासून ती जेवणाच्या टेबलाखाली त्या एका चटईवर बसलीये. तू ताटली तिथे नेतेस, पाणी तिथे नेतेस, मातीच्या ट्रेपर्यंतही उचलूनच नेतेस. ती हल्ली किती पावलं चालते सांग बरं.

आत्या : जिवंत आहे ना.

भाची : जिवंत आहे. पण ती ठकी आहे का? खरं सांग. अगं, मला तुला रडवायचं नाहीये.

आत्या : रडत नाहीये मी. भुसा गेला डोळ्यात. तुझ्या त्या फळ्यांचा.

शेजारी : बरं, भोकं कुठे पाडायची तेवढं सांगा. भिंतीला भूल देता येत नाही, त्यामुळे एकदाच काय ते पाडू.

भाची : इथे, या खुणेवर. खिडकीच्या शेजारी. वरच्या टोपलीत बसली की तोंडावर ऊन येईल, बाहेरचे आवाज येतील.

आत्या : हाच का पण? दुकानात तो दुसरा किती छान होता. झोपाळा होता, गोंडे लोंबत होते.

भाची : म्हणूनच नाही घेतला. सगळे हलवून बघितले मी, दुकानदार वैतागला. तो सडपातळ देखणा तर फुंकर मारली तरी डुलायचा. पायाखालचं एकदा डुललं की ती परत पाय टाकणार नाही. हा दिसायला धोंडा आहे, पण बूड जड आहे याचं. आणि फळ्या बघ, वळत वळत वर जातात, जिन्यासारख्या. मधलं अंतर सगळीकडे सारखं. एक पायरी कळली की सगळ्या कळल्या.

शेजारी : कडेला हा काठ कशाला उचललाय?

भाची : पायाला कळावं म्हणून, की इथे फळी संपली. आणि प्रत्येक मजल्याला वेगळं अंथरूण. पहिल्यावर काथ्याचं पायपुसणं, दुसऱ्यावर सतरंजीचा तुकडा, तिसऱ्यावर आत्याचा स्वेटर.

आत्या : कुठला स्वेटर?

भाची : राखाडी.

आत्या : अगं, तो मी अजून घालते.

भाची : कोपराला भोक पडलंय त्याच्या.

आत्या : भोकासकट घालते.

शेजारी : ताई, द्या हो. बाईसाठी द्या.

आत्या : घ्या. सगळं घर घ्या. सरका डॉक्टर, पट्टी मी धरते. तुम्ही ड्रिल धरा.

(ड्रिलचा आवाज. मग झाडू. खोलीत ऊन आलेलं आहे. टेबलाखालच्या चटईवर ठकी अजून बसलेली.)

भाची : हलव आता.

आत्या : नाही हलत.

भाची : जोरात हलव.

आत्या : नाही हलत म्हणाले ना. भिंतीतूनच उगवल्यासारखा झालाय. थांब, तिला आणते. वरच्या टोपलीत ठेवते, म्हणजे तिला कळेल काय आणलंय ते.

भाची : नको. आत्या, नको. वर उचलून ठेवलीस तर ती कुठे आहे हेच तिला कळणार नाही. पुन्हा कपाटासारखं होईल. वाट तिला पायांनीच कळली पाहिजे.

आत्या : मग ती येणारच नाही. महिनाभर त्या चटईवरून हललेली नाही.

भाची : नाही आली तर नाही आली. आपण बसू.

शेजारी : मी निघू का?

आत्या : बसा हो डॉक्टर. दार वाजवू नका आता.

शेजारी : बसतो.

भाची : आत्या. हळू मान वळव.

आत्या : काय झालं?

भाची : कान बघ तिचे.

आत्या : ड्रिलमुळे घाबरलीये.

भाची : घाबरली असती तर कान मागे पडले असते. हे पुढे आहेत. नाक हलतंय.

शेजारी : उठली.

आत्या : उठली गं. पोट जमिनीला टेकवून चालतेय. अगं, खुर्चीचा पाय आहे तिथे, ती आपटेल...

भाची : बसून राहा.

आत्या : नाही आपटली. मिश्या लागल्या आणि वळली. बघितलंस? मिश्यांनीच वळली.

शेजारी : भिंतीला अंग घासत येतेय. जशी काही भिंतीला विचारत विचारत.

भाची : पोचली. खांब हुंगतेय.

आत्या : नखं काढली. ऐका, खांबाला गुंडाळलेल्या दोरावर नखं ओढतेय. हा आवाज मी कधीचा ऐकला नव्हता. पूर्वी माझ्या सोफ्यावर ओढायची तेव्हा मी शिव्या द्यायचे.

भाची : आता पाय वर टाकतेय. पायपुसणं चाचपतेय.

शेजारी : एकच पंजा. टेकवला, काढला. पुन्हा टेकवला. मीसुद्धा एवढ्या हळू हाताने कधी दात तपासला नाही.

आत्या : चढली. पहिल्यावर चढली.

भाची : आवाज खाली, आत्या.

आत्या : खालीच आहे माझा आवाज.

भाची : काठावर पाय फिरवतेय बघ. गोल. अख्खी फळी मापून घेतली तिनं. आता मान वर.

आत्या : वर बघतेय.

भाची : बघत नाहीये.

आत्या : माहीत आहे गं मला. पण बघतेय असं वाटतं ना? मान अशी केलीये जशी पूर्वी कपाटाखाली उभी राहून करायची. उडी मारायच्या आधी मागचं अंग हलवायची, तसंच हलवतेय. देवा, ती उडी मारणार आहे.

शेजारी : दिसत नसताना उडी?

भाची : नाही, उडी नाही. मागच्या पायांवर उभी राहिली. पुढच्या पायांनी वरची कड शोधतेय. सापडली. ओढून घेतलं अंग.

शेजारी : दुसरा मजला.

आत्या : आणि तिसरा बघा. या खेपेला शोधलंसुद्धा नाही. सरळ पाय टाकला. डॉक्टर, तिला कसं कळलं तिथेच आहे म्हणून?

शेजारी : मला विचारता? मी तोंडात आरसा घालून बघायचो तरी चुकायचो.

आत्या : स्वेटर हुंगतेय माझा. तोंड घासतेय त्यावर. थांबेल आता इथेच. इथेच राहा बाई, पुष्कळ झालं.

भाची : थांबत नाहीये.

आत्या : आता फार वर गेली. मी धरते तिला.

भाची : आत्या, माझा हात धर. तिला नको, माझा हात धर.

आत्या : पडली तर?

भाची : मी लहानपणी पाण्याच्या टाकीवर चढले होते तेव्हा तू खाली उभी होतीस. सगळे म्हणतात आत्या ओरडली नाही, म्हणून पोरगी नीट उतरली.

आत्या : ओरडले नाही, कारण तोंडातून आवाजच फुटेना. शहाणपण कसलं त्यात. घशाला कोरड पडली होती.

भाची : मग आत्ताही पडू दे.

आत्या : पडलीच आहे.

शेजारी : पोचली.

भाची : पोचली. टोपलीत आहे. आत्या?

आत्या : बोलू नकोस.

शेजारी : उन्हात किती मोठी दिसतेय हो ती. खाली टेबलाखाली एवढीशी वाटायची.

आत्या : मान ताठ केलीये. कान बघ कसे फिरताहेत, एक इकडे, एक तिकडे. छज्ज्यावर कबुतर आलंय, ते तिला कळलं. आता ती सायकल गेली ना, तिच्या मागोमाग तोंड वळवलं. मी या घरात इतकी वर्षं राहतेय, डॉक्टर, मला ती सायकल ऐकूच आली नाही. ही वळली तेव्हा कळलं.

शेजारी : मलाही नाही आली.

भाची : आपण खोकी रचत होतो, आणि ती...

आत्या : आपण नाही. मी. मी रचत होते. मला वाटलं तिचं जग संपलं. संपलं नव्हतं गं. मीच चटईएवढं करून ठेवलं होतं.

भाची : भीती वाटली तुला. त्यात काय.

आत्या : वाटली. आत्ताही वाटतेय. पण हे बघ ना. नुसतं बघत राहावंसं वाटतंय. देवळात जाऊनही मला असं कधी गप्प बसावंसं वाटलं नाही.

शेजारी : ताई, उतरायला निघाली.

आत्या : आता. हाच वाईट भाग. कपाटावरून अशीच निघाली होती.

भाची : हात सोडू नकोस.

शेजारी : पाय खाली सोडलाय. हवेत. फिरवतेय.

आत्या : तिथे नाही बाई, जरा डावीकडे.

भाची : सांगू नकोस तिला.

आत्या : मनात सांगतेय.

भाची : मोठ्याने सांगतेयस.

शेजारी : पाय मागे घेतला. बसली.

आत्या : अडकली. म्हणाले नव्हते मी?

भाची : अडकली नाही. वळतेय. दुसऱ्या बाजूने पाय सोडला. लागला. स्वेटरला लागला.

शेजारी : वा.

आत्या : सतरंजी. थांबली. पंजा चाटतेय. अगं, जिन्यात मधेच बसून पंजा चाटतेय ही, कसली घाई नसल्यासारखी.

भाची : पायपुसणं.

शेजारी : जमीन.

आत्या : पाण्याकडे निघाली. स्वतःहून. वाटी मी टेबलाखालीच ठेवते, नेहमीची जागा. आवाज ऐका. पितेय.

भाची : रडलीस तरी चालेल आता.

आत्या : भुसा अजून आहे हवेत.

शेजारी : चहा टाकू का मी आमच्याकडे? तिघांचा?

आत्या : टाका. नाही, थांबा, उठू नका. ती निघाली.

भाची : चटईवर जाईल.

आत्या : नाही, चटई मागे राहिली. इकडेच येतेय. सरळ येतेय, या खेपेला भिंतसुद्धा धरली नाही.

भाची : परत वर?

आत्या : परत वर. तुझा पाय जरा आत घे, तिच्या वाटेत येतोय.