नावं कुठे संपवायची

"माणसांना टेकायला जागा नाही, आणि ह्या पोरानं अख्ख्या बाकड्यावर कागद पसरलेत!" वसईच्या एसटी स्टँडवर डोक्यावरची पाटी उतरवत होळी गावच्या मथुराबाई करवादल्या. पोराचं लक्षच नव्हतं. तो बहिणीशी भांडत होता.

"फ्लॉसी, पहिल्या पानावर आईचं नाव लिही. तिनं केळ्यांच्या पाट्या वाहिल्या म्हणून मी आज पिक्चर लिहितोय."

"फेबियन, पटकथेत नावं नसतात. नुसतं लिहायचं, 'श्रेयनामावली सुरू', मग 'श्रेयनामावली समाप्त'."

"मग लोकांना आई कशी कळणार?"

"पहिला प्रसंग तिचाच आहे ना, रहाटाजवळ खाली वाकून पाणी भरतानाचा? नावं तिच्यावरूनच सरकतील."

"तिच्या तोंडावरून? नटांची, कॅमेरावाल्यांची?"

"सगळे तसंच करतात. आज कागद अंधेरीला निर्मात्याकडे द्यायचेत. बोल, 'समाप्त' कुठे टाकू?"

मथुराबाईंना राहवेना.

"अरे फेबियन, नावं पाण्यावरून चालव, रहाटाच्या रेड्यावरून चालव. पण आई मान वर करायच्या आत सगळी संपव. जिनं तुला वाढवलं तिच्या तोंडावर दुसऱ्याचं नाव नको, आणि तिचं स्वतःचंही नको."