सुमनची चौकट

हसू नका, पण जळगावच्या त्या कॉम्प्युटरवाल्या पोरीसमोर मी रडायचाच बाकी होतो. माझी बायको सुमन गेली आणि मागे तिचा एकच फोटो राहिला, तोही लग्नातल्या घोळक्यातला. मला तेवढा तिचा चेहरा वेगळा हवा होता.

पोरगी म्हणाली, "आबा, चेहऱ्याभोवती जी चौकट कापायची तिची लांबी-रुंदी आणि कोपऱ्यापासूनचं अंतर मोजून सांगा."

मी शेत मोजतो तसं खालच्या बांधाकडून मोजलं. तिनं आकडे टाकले, तर पडद्यावर नुसत्या चपला!

"बठ्ठा फोटो गया का माय?"

"नाही हो आबा, मूळ फोटो सगळा तसाच आहे. हा कॉम्प्युटर वरच्या कोपऱ्यातून मोजतो."

जीव भांड्यात पडला. परत मोजलं, आणि सुमन आली.

"कडेला कुणाचा तरी फेटा आलाय. काढू?"

"ऱ्हाऊ दे माय, तो मीच शे."