हिरोईनचे हात

नाही नाही, आता बोलायचं नाही मॅडम — हात दाखवा, मान हलवा, पन तोंड उघडायचं नाही. मुलतानी मातीचा लेप हाये हा, वाळून राह्यला, बोलल्या का तडकला, आन तडकला का नाव माझं खराब. वीस मिनिटं. तुम्ही सांगतलं तेवढं समजलं मले — उद्या सकाळी तळ्याच्या वरच्या अंगाले मयताचा सीन हाये, रडायले तीस बाया पाहिजेत, आन लोणारातल्या बाया जमवायच्या तं पार्लरवाल्या जयमालालेच विचारा, असं लॉजवाल्यानं सांगतलं. म्हनून फेशियलच्या निमित्तानं येऊन बसल्या. आलं ध्यानात. बाया देईन का नाही ते मागून सांगते. मलेही तुमच्याकडून एक गोष्ट पाहिजे. ते पन मागून. आता वीस मिनिटं हायेत तं मले बोलू द्या.

सिनेमे मी पाहत नाही, आधीच सांगते. म्हंजे पाहते, पन आवड म्हनून नाही, चुका काढाले पाहते. तुमच्या सिनेमातली खेड्यातली पोट्टी — डोक्यावर गवताचा भारा, आन बाहीले घामाचा डाग नाही. खांद्यापासून बोटापर्यंत एकच रंग. अवं बाई, माझ्याकडे रोज बाया येतात वावरातल्या, बाहीच्या वर एक रंग, बाहीच्या खाली दुसरा, दोन बायाइचे हात जोडल्यासारखे. तसे हात कोन्या हिरोईनले हायेत, सांगा. आन झोपेतून उठते तं काजळ जशाचं तसं. मी अठरा वर्षांपासून लोकाइले काजळ लावून राह्यली, उशीले किती लागते ते मले विचारा. हिरो तं काय — पंचावन्न-साठचा, पोटाले पट्टा बांधते, केसाले कलप लावते — कलप मी दुरून ओळखते, कानामागं पाहायचं, तठी राहून जाते — आन नातीच्या वयाच्या पोरीसंग कॉलेजात एका बेंचवर बसते. छकुलीचे बाबा म्हनत — आमचे मालक — म्हनत, याले पह्यले मॅट्रिक पास करा, मंग कॉलेजात टाका. मी हासून हासून पोट धरत होती.

त्याइच्यापेक्षा ते साउथकडचे डबिंगवाले बरे. लाथ मारली का जीप उडते, चार मानसं झाडावर जाऊन लटकतात. त्यात निदान इमानदारी हाये, खोटं हाये तं खोटंच दाखवतात. तुमचे ते बक्षीसवाले सिनेमे नाही समजत मले. एक म्हातारा बाजेवर बसून राह्यला, वारा येऊन राह्यला, म्हातारा अजून बसून राह्यला — अर्धा तास. अवं, माझा सासरा रोज तेच करते, त्याले कोनी बक्षीस देल्लं नाही. आन आमची बोली. सिनेमात आमच्यासारखं कोन बोलते? हिरो? नाही. डॉक्टर, वकील? नाही. एक जाड्या हवालदार असते, तो ‘काऊन बे’ म्हनते आन पुन्याचे लोकं खुर्चीतून पडतात हासून. एखाद्या हिरोनं हिरोईनले म्हनावं तरी एकदा, मले तू लय आवडते — नाही म्हननार. आमच्या भाषेत कोनी प्रेम करत नाही असं वाटते त्याइले. करतात मॅडम. आमच्या घरी करत होते एक जन.

मान काऊन वळवता? फोटो पाहून राह्यल्या का? तेच ते. आधी इकडं पाहा, गळ्याचा लेप ओला हाये.

सहा वर्षं झाले, तुमच्यासारखीच एक पार्टी आली होती इथी. त्याइचाही मयताचाच सीन. तुम्हा लोकाइले लोणारात आलं का मरायचंच सुचते. हिरोईनचा नवरा मेला, तिच्या बांगड्या फोडायच्या. ती म्हने, मी नाही फोडत, काच लागते. डायरेक्टर म्हने, नाही तरी हिचे हात खेड्यातल्या बाईचे वाटत नाहीत — आता हे त्याले तिच्या तोंडाकडे पाहून आधी नाही समजलं का — बरं, जाऊ द्या. म्हने तोंड हिचं ठेवू, हात गावातल्या बाईचे घेऊ. आता आमच्यात मॅडम, बांगडी फुटली असं तोंडानंही म्हनत नाहीत, वाढवली म्हनतात, चुकून पिचकली तरी. आन हा मानूस कुंकवाच्या बायाइले म्हनते, पटापट फोडा, ऊन चाललं. साऱ्या मागं सरकल्या. मंग यानं लय डोकं चालवलं, म्हने विधवा आना एखादी, तिले काय अडचन हाये. आमच्या गल्लीतल्या सरस्वतीबाई समोरच उभ्या होत्या. त्याइनं त्याले खालून वरपर्यंत पाह्यलं आन म्हनल्या, “मी एकदा फोडल्या बाबू, दोनदा नाही फोडत.” आन गेल्या घरी.

मंग मी पुढं झाली. काऊन झाली? येडेपना, दुसरं काय. लहानपनी वडनेरले आत्याच्या घरी आरशासमोर उभी राहून रडून पाहत होती मी, कोन्या अंगानं रडलं तं चांगलं दिसते. सिनेमात दिसनार मी — हातच दिसनार, पन हिरोईनचे हात. छकुलीचे बाबा तठीच होते, त्याइले मयताच्या गर्दीत उभं केलं होतं, खांद्यावर टॉवेल टाकून. मी त्याइच्याकडे पाह्यलं, विचारल्यासारखं. ते म्हनले, “फोड वं, खोटं-खोटं हाये.”

आन याइच्या बांगड्या कशाच्या? प्लास्टिकच्या. मुंबईहून दोन ट्रक सामान आनलं, छत्र्या आनल्या, खुर्च्या आनल्या, हिरोईनच्या कुत्र्याले पंखा आनला, आन फोडायच्या बांगड्या प्लास्टिकच्या. दगडावर आपटल्या तं टुनकन उडाल्या आन गेल्या घरंगळत उताराले. मुडदा झालेला मानूस उठून हासला. मंग पळवला एक जन रहेमतुल्लाभाईच्या दुकानात, काचेच्या आन म्हने. त्याइनं विचारलं कशाले, यानं सांगतलं, त्याइनं डबा मागं सारला — म्हने, मी घालायले विकतो, यासाठी नाही विकत. मंग काय राह्यलं? माझ्या हातातल्या. हिरव्या, चैत्रात भरलेल्या. तीन वेळा घेतला तो शॉट. पह्यल्या टाइमाले हातातल्या गेल्या, मंग छकुलीचे बाबाच घरी जाऊन माझी बांगड्याची पेटी घेऊन आले. दोन मिनिटात आले, धावत. टाळ्या वाजवल्या लोकाइनं माझ्या हातासाठी.

आठ महिन्यानं मेहकर रोडवर छकुलीच्या बाबाइची मोटरसायकल घसरली. घरी आनलं. बाया आल्या, माझ्या बांगड्या उतरवायले हात धरला माझा, तं माझी सासू, विमलबाई, कोपऱ्यातून म्हनली, “तिच्या काय उतरवता. तिनं आधीच फोडल्या.” मले रडू नाही आलं मॅडम. आलंच नाही. मागून कोनी तरी बोललं, सिनेमात तं बरी रडत होती. अवं, सिनेमात मी रडलीच कुठी, माझं तोंडच नव्हतं त्यात. सासू आता बोलते, माझ्या हातचं जेवते, पन हाताकडे पाहत नाही. आन मी — मी नाही मानत हे. बांगडी फोडली म्हनून मानूस मरत नाही, मी शिकलेली हाये. दिवसातून दहा वेळा नाही मानत.

सिनेमा त्याच्या मंगच्या वर्षी आला. इथली टॉकीज कधीचीच बंद पडली, तठी मंगल कार्यालय झालं, म्हनून मोबाइलवर आला. थांबा, दाखवते, हात कोरडे करू द्या. एक तास चौदा मिनिटं — शोधावं नाही लागत मले. हे पाहा हात. अंगठ्याजवळ वॅक्सनं भाजल्याचा डाग, आन हा माझा अंगठा, पाहा. आता तिचं तोंड. डाव्या डोळ्यातून धार, उजवा कोरडा ठक्क, ग्लिसरीन एकाच डोळ्यात टाकलं वाटते. आता मागं पाहा, गर्दीत. डावीकडून तिसरा. टॉवेलवाला. हासून राह्यला ना? तिरडीमागं उभं राहून दात काढून राह्यला. एवढे मोठे लोकं तुमचे, गॉगल लावून मशीनीत पाहत बसतात, एकालेही दिसलं नाही का मयतात एक मानूस हासून राह्यला. मले पाहून हासला तो. फोडताना मी तोंड कसं केलं होतं, ते पाहून. हा माझा गोकुळ. सात सेकंद हाये.

आता माझं काम सांगते. तीन वेळा घेतला ना तो शॉट? सिनेमात एकच हाये. बाकीचे दोन कुठी असतात? कापलेले, राह्यलेले — ते ठेवत असतील ना कुठी, डब्यात, कम्प्युटरात? तिसऱ्या टाइमाले तो मोठ्यानं हासला होता, मले आवाज आला होता, डायरेक्टर वरडला बी होता. लग्नाची सीडी हाये आमची, त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत गानं भरलं, मानसाचा आवाजच नाही. छकुली तीन वर्षांची होती, तिले बापाचा आवाज आठवत नाही. तुम्ही लोकं एकमेकाले ओळखता, एक फोन लावा फक्त. मी तीस नाही, पन्नास बाया देते, अशा रडतील का तुमच्या हिरोईनले घरी जा म्हनाल. मी सोता येते. हात पाहिजेत तं हात देते. असतात ना ठेवलेले? बोलू नका, मान हलवा नुसती.

नाही?

बोला आता, तडकू द्या. — पुसून टाकतात? — कार्ड रिकामं करायले. — सहा वर्षं म्हंजे तं. — हो. हो, समजलं. जागा लागते.

तुम्ही काऊन रडून राह्यल्या? डोळ्याखाली सारा भिजला लेप. उद्यासाठी ठेवा थोडं.

बाया येतील सकाळी सात वाजता. मी नाही येत. आन या टाइमाले काचेच्या बांगड्या ठेवा सोबत — तुमच्या तुमच्या ठेवा. उठा, नळ तिकडं हाये, थंड पान्यानं धुऊन घ्या तोंड. बाहेर दुसरी बाई बसली हाये.